ओटा असलेली होडी

रबाळ्याच्या एका कारखान्यात मी एकोणीस वर्षं टाक्यांची ड्रॉईंग काढते आहे. प्रत्येक ड्रॉईंगच्या खालच्या कोपऱ्यात चौकट असते, तिथे काढणाऱ्याचं नाव लिहायचं. होडीच्या ड्रॉईंगवर मी माझं लिहिलं होतं. नवऱ्याने प्रिंट काढताना ते पुसून स्वतःचं घातलं. "अगं, काय फरक पडतो? घरचंच आहे," म्हणाला. त्या दिवशी तो माझ्या मनातून उतरला.

होडी माझी होती. पंधरा फुटी, शिडाची, आमच्या छोट्या गाडीमागे ट्रेलरवर ओढता येईल इतकी हलकी. सोसायटीच्या गेटमधून जावी म्हणून डोलकाठी बिजागरीवर आडवी होणारी. वाऱ्याने होडी आडवी सरकू नये म्हणून बुडाखाली उभी फळी लागते. आपल्या खाडीत ओहोटीला नुसता चिखल उरतो, म्हणून ती फळी मी वर ओढून घेता येईल अशी केली. सात महिन्यांचे रविवार त्यात गेले. तेवढ्या वेळात नवरा सोसायटीच्या ग्रुपवर 'माझी बोट' म्हणून फोटो टाकत होता.

मग त्याने माझ्या पाठीमागे होडी बांधणाऱ्या कारागिराला गाठलं. आत ताठ उभं राहता यावं म्हणून केबिन उंच करून घेतली. ग्रॅनाइटचा ओटा बसवला, त्यावर माळा. फ्लॅट घेताना बिल्डरकडून जे जे मिळालं नाही, ते सगळं त्याने पंधरा फुटांत कोंबलं. मी म्हटलं, "वजन वर गेलं. कलंडेल."

"तू टाक्या काढ गं," तो म्हणाला. कारागीर हसला. मी गप्प बसले, आणि त्यासाठी मी स्वतःलाही माफ केलेलं नाही.

लग्नानंतर आम्ही बोनकोड्यात ज्यांच्या चाळीत भाड्याने राहिलो, त्या काकांच्या शब्दावर गावच्या धक्क्यावरून होडी उतरवायची परवानगी मिळाली. काकांची हयात खाडीत मासेमारीत गेलेली. भरतीच्या वेळी आम्ही पोहोचलो. काकांनी होडीभोवती एक चक्कर मारली.

"बाय, होरी बेस हाय. पन वर यवरा वझा कशाला?"

मी नवऱ्याकडे पाहिलं. तो शर्टाची कॉलर नीट करत होता.

काकांनी नारळ काढला. "ज्यानी होरी बनवली, त्यानी नारल द्याचा पान्याला." असं म्हणून त्यांनी तो माझ्यासमोरच धरला होता. नवऱ्याने मधेच हात घालून घेतला आणि आपला फोन माझ्या हातात दिला. "नीट घे हां. चेहरा दिसू दे."

मी फोटो घेतला. नारळ पाण्यात गेला, नवरा होडीत चढला, शीड वर गेलं. वाऱ्याची एक झुळूक आली आणि होडी निवांत कुशीवर झोपली. छातीभर पाण्यात, पाय चिखलात रुतलेले, असा तो उभा राहिला. मला आनंद झाला. खोटं कशाला सांगू.

धक्क्यावर जमलेली माणसं हसायला लागली, तसं त्याने माझ्याकडे बोट केलं. "डिझाईन हिचं आहे! मी आपला मदतीला होतो!"

गावच्या माणसांनी होडी काठाला ओढून आतलं पाणी उपसलं. मी पाना मागून घेतला, माळा उतरवला, ओटा सोडवला. ग्रॅनाइटची लादी बुडाशी आडवी टाकून पाचरी मारून घट्ट बसवली. वजन आता जिथे हवं तिथे होतं. काकांना म्हटलं, "अजून एक नारळ मिळेल?"

"अगं, आज राहू दे," नवरा दात वाजवत म्हणाला, "लोक बघतायत."

"तूच आत्ता सगळ्यांना सांगितलंस ना, डिझाईन माझं म्हणून?"

काकांनी जवळच्या घरातून नारळ आणून माझ्या हातात ठेवला. मी तो पाण्याला दिला. काका होडीत पुढे बसले, मी मागे सुकाणूपाशी. निघण्याआधी मी फोन नवऱ्याच्या ओल्या हातात दिला.

"नीट घे हां," म्हटलं, "चेहरा दिसू दे."