ताईची उभं राहायची जागा

माझी ताई प्रयोगशाळेत उंदीर सांभाळते. डोक्याला मार बसलेले उंदीर. त्यांना हळदीतला अर्क पाजायचा आणि गढूळ पाण्याच्या हौदात सोडायचं. पाण्याखाली एक फळी लपवलेली असते, ती सापडली की पोहण्यातून सुटका. ताईने रोज त्याच कोपऱ्यात उभं राहायचं, कारण समोर उभ्या माणसालाच खूण धरूनही उंदीर दिशा ओळखतात.

भावोजी, म्हणजे तिचा नवरा, शिडीवरून पडले. डोक्याला मार बसला, तेव्हापासून कुणालाच ओळखत नाहीत. दोन खोल्यांचं घर, पण त्यांना बाथरूम सापडत नाही. ताईने दुकानातून हळदीच्या अर्काच्या गोळ्या आणल्या.

"अहो, हे अजून उंदरांपुरतंच आहे," प्रयोगशाळेतल्या मॅडम म्हणाल्या. डॉक्टर म्हणाले, द्यायच्या तर द्या.

गोळ्या सुरू झाल्यावर काही दिवसांनी भावोजी सकाळी उठून थेट ताईकडे यायला लागले. ती निळा गाऊन घालून बाथरूमच्या दाराशी उभी असायची. ते तिचा हात धरून हसायचे.

"मला ओळखायला लागलेत बहुतेक," ती म्हणाली. आवाजात आनंद नाही की काही नाही. मीच मेली हुरळले, सगळ्या गणगोताला फोन केले.

एक दिवस ताई म्हणाली, "उद्या सकाळी माझा गाऊन घालून बाथरूमच्या दाराशी तू उभी राहा."

"कशाला ही नसती थेरं?"

"आमच्याकडे खूण बदलून बघतात. उंदीर खरंच शिकला का ते कळतं."

"अगं, नवरा आहे तुझा! उंदीर नाही!"

"म्हणूनच."

असा राग आला होता मला, पण राहिले उभी. ताई त्यांच्या वाटेतच खुर्ची टाकून बसली. भावोजी उठले, तिच्या गुडघ्याला घासून पुढे आले, सरळ माझ्यापाशी. माझा हात धरला आणि हसले. तस्सेच.

तो हात झिडकारून टाकावासा वाटला मला. "ताई, अगं ते अजून झोपेत आहेत," मी काहीबाही बोलले.

"त्यांना आत जाऊ दे," ती म्हणाली. "ताटकळत ठेवू नकोस."

नंतर तिने गाऊन परत मागून घेतला. मी माझ्या घरी निघून आले.

दुसऱ्या दिवशी न राहवून फोन केला. "आज कोण उभं होतं?"

"मीच. नाहीतर त्यांना बाथरूम कसं सापडणार?" मग म्हणाली, "आजपण हसले."