विनायकचं दुसरं कार्ड

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला तर नाहीच, कारण तिला विनायक आवडतो. सगळ्यांनाच आवडतो. तुम्हालाही आवडेल, आणि मग माझ्याबद्दल काय वाटायचं ते वाटेल — वाटू दे.

मी कुवेतमध्ये एका बँकेच्या आयटी विभागात आहे, राहतो बनेद अल-गारला. इथल्या मराठी मंडळींत कुणाचा लॅपटॉप अडला की फोन मला येतो. मला ते आवडतं, खोटं कशाला बोलू? विनायक माझ्याहून धाकटा, चिपळूणचा, एका गोदामात हिशेब बघणारा. अब्बासिया भागात चार-पाच जणांबरोबर एका फ्लॅटमध्ये राहायचा. बायको आणि मुलगी गावी. मुलगी, मुक्ता, अगदी लहान असताना हा इकडे आला. सुटीवर गेला की ती दाराआड लपायची, फोनवर 'हं' आणि 'नाही' यापलीकडे जायची नाही.

मग तिला गेमचं वेड लागलं आणि यानं काय करावं — स्वतःही शिकला! इथल्या अल-राई भागातल्या जुन्या बाजारातून एकेक वापरलेला भाग आणून गेमिंग पीसी जुळवला. दर शुक्रवारी, सुटीच्या दिवशी, बापलेक जोडीनं खेळायचे. "बाबा, डावीकडे बघा ना," असं ती त्याच्यावर खेकसायची म्हणे. हे तो मला पुन्हा पुन्हा सांगायचा, लेकीनं खेकसलेलं, आणि चेहरा असा उजळलेला.

माझा मुलगा तेव्हा माझ्याच घरात, शेजारच्या खोलीत होता. दार बंद. मी काही विचारलं की आतून 'नंतर, डॅड' एवढंच यायचं. समुद्रापलीकडची पोर बापाशी तासन्‌तास बोलते आणि माझा पोरगा भिंतीपलीकडून बोलत नाही — माझ्या पोटात दुखायचं. फार दुखायचं.

एका शुक्रवारी विनायक तक्रार घेऊन आला. खेळ मध्येच अडकतो, मुक्ता चिडते. तिच्या शाळेतल्या मुलांनी जोड्यांची स्पर्धा ठेवली होती. बाकीच्यांचे जोडीदार भाऊ नाहीतर मित्र, हिचा मात्र बाबा. 'माझे बाबा कुवेतहून खेळणार' असं तिनं सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. दुसरं ग्राफिक्स कार्ड लावू का, असं तो विचारत होता.

कार्डाचा काहीही संबंध नव्हता. हे मला त्याचं बोलणं संपायच्या आत कळलं होतं. शुक्रवारी त्या फ्लॅटमधले सगळेच एका वेळी घरी व्हिडिओ कॉल लावून बसायचे — कुणाची आई, कुणाचं बाळ. इंटरनेटची लाइन एकच. ती तुंबणार नाही तर काय होईल? "अर्धा तास फोन बंद ठेवायला सांग पोरांना," एवढं म्हणालो असतो तरी काम झालं असतं. माझ्या घरी येऊन खेळ, असं म्हणालो असतो तरी.

मी म्हणालो, लाव दुसरं कार्ड.

इथं थांबलो असतो तर फार तर चुकीचा सल्ला दिला असता. पण तो सावध माणूस. कार्ड आणलं आणि लावायच्या आधी पीसीचे फोटो घेऊन पुन्हा माझ्याकडे आला. "दादा, पॉवर सप्लाय पुरेल ना? तुम्ही हो म्हणालात तरच लावतो."

मी फोटो नीट पाहिला. हलक्यातला, जुना सप्लाय, एका कार्डालाच धापा टाकणारा. तो गेम दोन्ही कार्डं राबवणारा, म्हणजे ऐन भरात सप्लाय जळणार, आणि जळताना बाकीचंही घेऊन जाणार — हे मला माहीत होतं. अंदाज नव्हता, माहीत होतं. माझ्या कपाटात एक दणकट सप्लाय न वापरता पडलेला होता, तेही आठवलं. आणि मी चहाचा घोट घेऊन म्हणालो, "पुरेल."

का म्हणालो? राग त्याच्यावर होता का? नव्हता. त्याचा तो उजळलेला चेहरा मला बघवत नव्हता, एवढंच. तो विझलेला बघायचा होता.

स्पर्धेत, ऐन खेळात, फट्‌ आवाज झाला आणि धूर निघाला. मदरबोर्डही गेला. तिकडे मुक्ताला एवढंच दिसलं की हरायची वेळ आली आणि बाबा खेळ सोडून निघून गेला. सगळी शाळा बघत होती. त्यानं लगेच फोन केला, तिनं उचलला नाही. पुढेही कितीतरी दिवस उचलला नाही, आणि नंतर खेळायला तिला मैत्रीण मिळाली.

तो मला सांगायला आला तेव्हा मी त्यालाच झापलं — जुन्या बाजारातलं कार्ड असंच असतं, बघून घ्यायला नको? तो मान डोलावत राहिला. मंडळाच्या दिवाळीच्या कार्यक्रमात मी त्या धुराची नक्कल करून लोकांना हसवलं. विनायक समोरच बसला होता, तोही हसला. त्या रात्री मला छान झोप लागली. हे मुद्दाम सांगतो, नाहीतर तुम्हाला वाटेल की मी तेव्हापासून तळमळतोय.

नोकरी संपवून तो आता कायमचा गावी गेला. जाण्याआधी आमच्याकडे जेवायला आला होता. मुक्ता पुण्यात कॉलेजला आहे, बोलते म्हणाला, कामापुरतं. मग जरा वेळानं म्हणाला, "एवढ्या वर्षांनी परवा तिनं विचारलं, दादा. बाबा, तेव्हा मला सोडून का गेलात? मी म्हटलं, माझाच मूर्खपणा, कुणाचं न ऐकता कार्ड लावलं. तुमचं नाव मध्ये आणलं नाही. बरोबर केलं ना?"

बायको भात वाढत होती. मुलगा फोनमध्ये होता. सांगायला याहून सोपी वेळ मिळणार नव्हती.

"बरोबर केलंस," मी म्हणालो, आणि आमटीचं भांडं त्याच्याकडे सरकवलं.