साठाला चाळीस

साठ माणसं येणार म्हटलं, की आबा चाळीस खुर्च्या मांडत. शंभर म्हटलं तरी चाळीसच. लोणावळ्याजवळच्या आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजात ते सभागृहाचे शिपाई होते आणि मी मेकॅनिकलच्या विद्यार्थी क्लबचा सेक्रेटरी. सहली, मेळावे, तज्ज्ञांची व्याख्यानं ठरवणं माझ्याकडे आणि ती पार पाडणं आबांकडे, ही कामाची वाटणी मला फार उशिरा कळली.

"आबा, साठ सांगितल्या होत्या!"

"मोकळी खुर्ची पावन्याला लय लांबनं दिसती, शेक्रेटरी. चार मानसं उभी ऱ्हायली की कारेक्रम भरला."

लांबलेल्या भाषणावरही त्यांच्याकडे औषध होतं. मागच्या दारातून कपबशांचा खणखणाट करत ते चहा आणत. "गरम हाय तवर घ्या," म्हणाले की वक्ता आपोआप समारोपाकडे वळे. माझ्या पहिल्याच प्रास्ताविकात चहा तीनदा आला.

शेवटच्या वर्षी क्लबची हजेरी इतकी रोडावली, की प्राचार्यांनी बजावलं, "पुढच्या व्याख्यानाला तीस सभासद दिसले नाहीत, तर क्लब बंद." मी पुण्याच्या एका निवृत्त पंप इंजिनिअरांना बोलावलं. परीक्षा, क्रिकेट, धरणावर लोटणारे पर्यटक, सगळं टाळून जुलैतला एक मंगळवार काढला आणि रंगीत तक्ता भिंतीवर डकवला. आबा त्यापुढे बराच वेळ उभे राहिले.

"तारीख कुनाला इचारून काढली?"

"सगळं बघून काढलीय."

"आवनी बगितली न्हाई."

आवणी म्हणजे भाताची लावणी, एवढं मला ठाऊक होतं. आमचे निम्मे सभासद मावळातल्या शेतकऱ्यांची पोरं, हेही ठाऊक होतं. दोन्ही गोष्टी एकत्र कराव्यात, हे मात्र सुचलं नव्हतं. "आबा, ही इंजिनिअर मंडळी. चिखलात कशाला जातील?" असं मी वर म्हणालो.

मंगळवारी चाळीस खुर्च्यांवर माझ्यासकट नऊ सभासद होते. पाहुणे चष्मा पुसत होते. मी आबांना कोपऱ्यात गाठलं. "बाकीचे कुठे आहेत?"

"तिकोना पेठंला. सव्वीस जनं हायेत. आज आमच्याच खाचरात सावड हाय, समदी मिळून एकमेकांची लावनी करत्यात."

"तुमच्या? मग तुम्ही इथे कसे?"

"मंग खुर्च्या कोन मांडनार?"

आबाच पाहुण्यांसमोर जाऊन म्हणाले, "साहेब, पोरं काय हितं येत न्हाईत. आपुनच जाऊ." आणि ते गृहस्थ खरोखरच उठले! तासाभरात विजार गुडघ्यापर्यंत दुमडून ते आबांच्या बांधावर उभे होते आणि पाणी वर कसं चढतं ते घोटाभर पाण्यातल्या पोरांना सांगत होते. इतके प्रश्न आमच्या सभागृहात कधी आले नव्हते. आभार मानायला मी बांधावर चढलो, "आजचा हा क्षण" एवढं म्हणालो आणि कमरेपर्यंत खाचरात बसलो.

"आभार उभ्यानं मानायचं असत्यात, शेक्रेटरी," आबा वरून म्हणाले.

हजेरीच्या कागदावर सह्यांपेक्षा चिखल जास्त होता. प्राचार्यांनी तो दोन बोटांत धरून पस्तीस मोजले. क्लब वाचला.

गेल्या वर्षी आबा निवृत्त झाले. निरोप समारंभ ठरवायला क्लबच्या आताच्या पोरांनी मुद्दाम मला पुण्याहून बोलावलं. साठ जण येतील असा अंदाज होता. मी अभिमानानं चाळीस खुर्च्या मांडल्या. आले दीडशेच्या वर. भिंतींना, खिडक्यांना माणसं लागली. मी खूश. माइक हातात घेतला, उत्सवमूर्तींकडे बघून हात जोडावेत म्हणून व्यासपीठावर नजर फिरवली, तर तिथे प्राचार्य, विभागप्रमुख, मी. आबांची खुर्ची मी मांडलीच नव्हती.

ते मागच्या दाराशी उभे होते. नव्या कपड्यांत.

"आबा, वर या!" दहा माणसं खुर्च्या सोडून उठली.

"बसा, बसा," ते तिथूनच म्हणाले. "कारेक्रम भरलाय."

मी कागद उघडला. पहिलं वाक्य वाचलं, दुसरं सोडून पुन्हा पहिलंच वाचलं. तिसऱ्यांदाही तेच सुरू केलं. तेवढ्यात मागच्या दारात कपबशा खणखणल्या.