अंजनाबाईचा होकार

मढच्या कोळीवाड्यातली अंजनाबाई रोज सकाळी तरीच्या बोटीतून वर्सोव्याला उतरायची आणि अंधेरीच्या बाजारात आपल्या ओट्यावर मासळी विकायला बसायची. जीभ मोठी तिखट. पण लेकीचं नाव निघालं की आवाज आपोआप खाली यायचा. दिपाली तिची एकुलती एक, मालाडच्या बालवाडीत शिकवणारी, घराण्यातली पहिली पदवीधर.

त्या बुधवारी अंजनाबाई कोलंबी सोलत असताना नवऱ्याचा, महादूचा, फोन आला. दिपाली वेणी घालता घालता खाली पडली होती. डोक्यातली शीर फुटली होती. बोरिवलीच्या इस्पितळात अंजनाबाई पोचली तेव्हा पोरीच्या तोंडात नळी होती आणि छाती संथपणे वरखाली होत होती.

तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी दोघांना बसवून सांगितलं की दिपालीचा मेंदू मेला आहे. अंजनाबाईला ते पटेना. ती थेट खाटेपाशी गेली आणि लेकीचा पाय धरून उभी राहिली. पाय ऊबदार होता.

"छाती हलतेय की," ती म्हणाली.

शेजारी इस्पितळातली समुपदेशक अपूर्वा उभी होती. "मावशी, ते मशीन हलवतंय. डॉक्टरांनी मशीन बाजूला करून पाहिलं. सहा तासांनी पुन्हा पाहिलं."

"तिनं एकदाही श्वास घेतला नाय?"

"नाही."

अंजनाबाईच्या डोळ्यांपुढे ओट्यावरची वाम मासळी आली. मुंडकं छाटलं तरी हातात कितीतरी वेळ वळवळणारी. आपल्याच लेकीकडे बघून हे कसं आठवलं म्हणून तिला स्वतःची किळस आली. पण जे डॉक्टरांच्या बोलण्यातून कळलं नव्हतं, ते त्या क्षणी कळलं. ती तिथंच फरशीवर बसली.

बऱ्याच वेळानं अपूर्वानं अवयवदानाचं विचारलं. घाई नाही, नाही म्हणालात तरी कुणी बोल लावणार नाही, असंही सांगितलं. महादू उसळला. "माझ्या पोरीला कापायची नाय. उद्या पुढच्या जन्मी अधुरी आली तर?"

अंजनाबाईनं त्याला व्हरांड्यात नेलं. "अवो, तिला आपण जाळणारच ना? मग जळण्याआधी कुणाच्या कामी आली तर काय वाईट?"

"तू आई आहेस का कोण आहेस?"

महादू भिंतीकडे तोंड करून रडला आणि शेवटी म्हणाला, "तुला करायचं ते कर. मला विचारू नको." कागदावर सही मात्र दोघांनी केली.

दुपारी दिपालीला आत नेलं. संध्याकाळी अपूर्वा बाहेर आली. दोन्ही मूत्रपिंडं आणि यकृत तीन माणसांना मिळणार होतं. हृदय मात्र कमजोर झालं होतं, ते कुणाला देता आलं नाही.

"म्हणजे ते आतच थांबलं?" अंजनाबाईनं विचारलं.

"हो, मावशी."

"तिच्याजवळ कोण होतं तेव्हा?"

"डॉक्टर होते. मी होते."

अंजनाबाईनं मान हलवली. सगळ्या व्यवहारात हीच एक गोष्ट तिला सोसवली नाही. जन्माच्या वेळी ज्या काळजाचे ठोके सुईणीनं तिला हात धरून दाखवले होते, ते थांबलं तेव्हा तिचा हात तिथं नव्हता.

घरी आंघोळ घालताना बायकांनी टाके पाहिले. दारात कुजबूज झाली. चुलत जाऊ तोंडावर म्हणाली, "किती पैसे दिले गं?" अंजनाबाई लेकीच्या केसांतून पाणी सोडत राहिली. दिवसकार्य झालं आणि ती पुन्हा ओट्यावर बसू लागली. महादू तिच्याशी कामापुरतं बोलायचा.

अवयव कुणाला मिळाले ते इस्पितळ सांगत नाही. तिनं दोनदा विचारलं, मग सोडून दिलं.

वर्षश्राद्धानंतर ती एकटीच बोरिवलीला गेली आणि अपूर्वाकडून दाता म्हणून आपलं नाव नोंदवून आली. अपूर्वानं बजावलं होतं, "घरी सांगून ठेवा. नुसत्या कार्डानं होत नाही, त्या वेळी घरच्यांनी हो म्हणावं लागतं."

म्हणून जेवताना तिनं महादूपुढे कार्ड ठेवलं. त्यानं ते उलटंसुलटं करून पाहिलं.

"पुन्हा मला हो म्हणायला लावणार?" तो म्हणाला. "नाय जमायचं, अंजने. देवानं मलाच आधी न्यावं."

त्याच्या ताटात तिनं भात वाढला, आणि त्यानं तो मुकाट्यानं कालवायला घेतला.