पऱ्हाटीची पकड

घाटंजीच्या स्टँडवर गाडी लागली तेव्हा माझ्या दोन्ही तळहातांना फोड होते. आदल्या दिवसापर्यंत आई आणि मी वावरातली पऱ्हाटी उपटत होतो. त्या साली बोंडअळीनं बोंडं आतून पोखरली, अन् दिवाळी सरत नाही तोच उभी कपाशी उपटायची पाळी आली. आईनं खिडकीतून माझं मनगट धरलं. गाडी हलली तरी दोन पावलं तशीच चालली, मग सोडलं. तिचं सगळं बोलणं वावरातच होऊन गेलं होतं, "मूळ सुटेलोक हात सोडजो नको, पोरी."

पुण्यात एका व्यायामशाळेत झाडलोटीचं काम मिळालं. तिथं संध्याकाळी मुली गादीवर एकमेकींच्या कॉलरला लोंबकळायच्या. त्याला जुजित्सू म्हणतात हे मला फार उशिरा कळलं. मला वाटायचं, भांडायचं तर उभं राहून भांडा ना, हे लोळणं कायचं! एक दिवस एका मुलीच्या जोडीला कोणी नव्हतं म्हणून सरांनी जाडजूड पांढरा अंगरखा माझ्या हातात दिला. मी तो नाकाशी धरून उभीच राहिले. कापूसच होता तो. गादी, दिवे, मुली सगळं मागं सरकलं आणि बराच वेळ मी पांढऱ्या वावरात उभी होते.

त्या दिवशी मी धरलेली त्या मुलीची कॉलर सरांना माझं एकेक बोट उचलून सोडवावी लागली. "कुठं शिकलीस गं?" म्हणाले. वावरात म्हटलं तर सगळे हसले. हसा म्हटलं!

वर्षभरात मी स्पर्धा जिंकायला लागले, आणि तिथंच घात झाला. या खेळात हात अडकला की समोरच्याच्या अंगावर दोनदा थाप मारायची, तो लगेच सोडतो. त्यात लाज नसते. पण राष्ट्रीय अंतिम लढतीत कोपर अडकलं आणि मी थाप मारलीच नाही. आईचं वाक्य कानात होतं. मग कट्‌ असा आवाज आला.

डॉक्टर म्हणाले, पुन्हा खेळता येईलच असं नाही. हात गळ्यात बांधून मी आईला फोन केला, तिचं वाक्य आठवून हार मानली नाही असं सांगितलं. आई परत बोलावेल याची भीती होती, आणि बोलावलं तर मी जाईन याची त्याहून जास्त.

"पऱ्हाटीचं सांगतलं होतं मी तुले," आई कडाडली. "मानसाले कायले लावलं ते? दुखलं तर सोडून द्याव, येडे!"

मी रडत रडत हसले. परत ये असं ती म्हणाली नाही. आठ महिन्यांनी मी पुन्हा गादीवर उतरले, पहिल्याच दिवशी चारदा थाप मारली, आणि पुढच्या हंगामात त्याच स्पर्धेचं सोनं आणलं. नंतर आणखी दोनदा.

गाव सोडलेल्या माझ्यासारख्यांनो, तुम्हालाही असं होतं का? पाठ गादीला टेकली की मला आभाळ दिसतं, खालच्या काळ्या मातीची ऊब लागते, कपाशीच्या पलीकडच्या तासातून आईचा खोकला ऐकू येतो. रेफरीच्या हाकेनं जाग येते. घर कुठं असं विचारलं तर पत्ता पुण्याचा सांगते, पण मनात एक मनगट येतं, बांगड्यांनी घासलेलं. माझं घर तेवढंच आहे.

यंदा निघताना आई पुन्हा स्टँडवर आली. आता तिची बोटं सुजलेली असतात. या वेळी खिडकीतून मनगट मी धरलं होतं, तिचं. कंडक्टरनं घंटी मारली, गाडी हलली, तरी माझी बोटं उघडेनात.

आईनं दुसऱ्या हातानं माझ्या हातावर दोनदा थाप मारली. माझ्या लढती ती पाहते, बहुधा शेजारणीच्या मोबाईलवर, हे मला तेव्हा कळलं.

मी लगेच सोडलं.