केरीच्या किनाऱ्यावर हिमनगाची चौकशी

गोव्यात डिचोलीहून केरीला जायला खरं तर कारण लागत नाही. सुरूच्या झाडांखाली बसून समुद्र बघणं पुरतं. आम्हाला मात्र कारण होतं. माझी लेक केतकी डेक कॅडेट, म्हणजे शिकाऊ अधिकारी, म्हणून मालवाहू जहाजावर रुजू होणार आणि पहिलीच सफर कॅनडाकडे, हे कळल्यापासून मला पाण्यात उभा असलेला बर्फाचा डोंगर दिसत होता. घरात रोज तोच विषय. शेवटी केतकीच म्हणाली, "चल, दामूमामाला विचारू. तो सांगेल ते दोघींनी ऐकायचं."

दामू माझा मावसभाऊ. जहाजावर सेकंड ऑफिसर आहे आणि सध्या रजेवर केरीला घरी आलाय.

रविवारी सकाळी स्कूटर काढली. केतकी पुढे, मी मागे. अस्नोडा, कोलवाळचा पूल, धारगळ करत पेडण्यापर्यंत रस्ता झकास. पेडण्याच्या बाजारात पातळ भाजी आणि गरम पाव खाल्ल्याशिवाय पुढे जाऊ नका, आणि लवकर जा, नाहीतर भाजीचं रिकामं पातेलं बघावं लागेल. हरमलच्या आसपास मात्र वेग कमी ठेवा. भाड्याच्या स्कूटरवाले पर्यटक फोटोसाठी वळणावरच थांबतात.

दामूच्या बायकोनं, मनीषानं, हुमण, म्हणजे माशाची आमटी, भात आणि तळलेले बांगडे केले होते. पहिला घास गिळला आणि मी विचारलंच, "आता रडार असतं ना रे?"

"असतं गो ताई, दोन-दोन असतात," दामू म्हणाला. "मोठा हिमनग लांबूनच कळतो. शिवाय विमानातून, उपग्रहावरून पाहणी करतात आणि बर्फ कुठवर आलाय ते जहाजांना रोज कळवतात. ती हद्द नकाशावर आखायची आणि होता होईतो बाहेरूनच जायचं. लांब पडलं तरी चालेल."

"बघ," केतकी मला म्हणाली.

"थांब गो बाय. खरी भीती बारक्या तुकड्यांची."

मग त्यानं सांगितलं. मागच्या वसंतात न्यूफाउंडलंडजवळ धुकं होतं. कॅप्टननं वेग आधीच उतरवला होता. रडारवर एक मोठा हिमनग दिसत होता, म्हणून वारा येतो त्या बाजूनं त्याला लांबून वळसा घालायचं ठरलं, कारण सुटलेले तुकडे वाऱ्याबरोबर पलीकडे वाहत जातात. सगळं रीतसर चाललं होतं. तरी एक तुकडा चुकार निघाला. पडवीएवढा, जेमतेम पाण्यावर डोकं काढलेला. लाटांच्या गर्दीत रडारवर तो उमटलाच नाही. नुसत्या डोळ्यांनी पहारा देणाऱ्या खलाशाला तो दिसला, त्यानं कळवलं आणि जहाज वळलं.

"बाजूनं गेला. हिरवट काचेसारखा," दामू म्हणाला. "त्या दिवशी चहासुद्धा खिडकीशी उभा राहून घेतला, डोळे पाण्यावरच."

मनीषा आमटीचा डाव हातात घेऊन उभीच राहिली. "हे मला कधी सांगितलं नाही तुम्ही."

"फोनवर सांगितलं असतं तर तू झोपली असतीस?"

तिनं त्याच्या ताटात आणखी एक बांगडा वाढला.

दुपारी आम्ही दोघी फेरीबोटीनं तेरेखोलला निघालो. नदी ओलांडायला थोडाच वेळ लागतो, पण दोन्हीकडचं दृश्य सोडू नये असं. केतकी कठड्याला टेकून पाण्याकडे बघत होती.

"मला वाटलं होतं, मामा म्हणेल घाबरायचं काहीच कारण नाही," ती म्हणाली. "आता मला थोडी भीती वाटतेय."

इतके दिवस मला हेच हवं होतं. ऐकल्यावर मात्र बरं वाटलं नाही.

"नको जाऊ मग," मी म्हटलं.

"जायचंय गो आई. पण पहाऱ्यावर उभी राहिले की नजर हलवणार नाही."

चार हाका मारल्याशिवाय अंथरूण न सोडणारी माझी मुलगी हे म्हणत होती. मला हसू आलं, आणि तिच्यावर विश्वासही बसला.

तेरेखोलच्या किल्ल्यावरून केरीचा किनारा पूर्ण दिसतो. तेवढ्यासाठी तरी जा. आम्ही उन्हं कलताना परत फिरलो.

घरी हे वाट बघत होते. "काय म्हणाला दामू?"

मी सगळं सांगितलं, काही न गाळता. भीती गेली नाही, पण आता ती आंधळी नाही. बर्फ आहे, तो शोधणारी यंत्रं आहेत, आणि त्यांना जे दिसत नाही ते बघायला माणसं उभी असतात. त्यांतलं एक माणूस माझ्या घरचं असेल.

"मग ठरलं काय?" यांनी विचारलं.

"लोकरीचे मोजे घ्यायचे," मी म्हटलं. "डिचोलीच्या बाजारात मिळतील का हो?"