फ्यूजच्या जागी तार

ती जळकी गाडी डोळ्यांसमोर आली की आजही माझा आवाज चढतो. निवृत्त होऊन काही वर्षे झाली. घरचे म्हणतात, आता सोडा ते. मला सोडता येत नाही.

तेव्हा मी भंडारा जिल्ह्यातल्या महामार्गालगतच्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. भर दुपारी साकोलीच्या बाजारातून फोन आला. उभ्या गाडीला आग लागली होती आणि आत एक बाई होती. आम्ही पोहोचलो तोवर लोकांनी मागची काच फोडून तिला बाहेर ओढले होते. अंगावर भाजल्याच्या खुणा फार नव्हत्या, पण छातीत धूर गेला होता. भंडाऱ्याच्या दवाखान्यात नेल्यावर संध्याकाळी ती वारली.

बाई करडी गावची. खुब्याचे ऑपरेशन झालेले, पायावर भार देता येत नव्हता. एकुलत्या एक मुलीने शुश्रूषेसाठी तिला सानगडीला आपल्या घरी बोलावले होते. जावई धान्याचा व्यापारी, चाळिशीच्या आतला. तो तिला गाडीने घेऊन निघाला. साकोलीत ओळखीचा माणूस भेटला म्हणून त्याच्यासोबत बाजाराच्या दुसऱ्या टोकाला चहाला गेला. गाडी चालू, एसी चालू, गाणी चालू, दारे दुसऱ्या किल्लीने बाहेरून लॉक. म्हातारी मागच्या सीटवर आडवी.

समोरच्या पानठेलेवाल्याचा जबाब मी स्वतः घेतला. तो म्हणाला, "साहेब, गाणं येवढ्या जोरात वाजून राहिलं होतं, का बाई काच ठोकून राहिली हे कोनाले समजलंच नाई. गाणं बंद पडलं, तवा आवाज आयकू आला."

तारा जळल्या तेव्हा गाणे बंद पडले होते. म्हणजे तोवर ती आत किती वेळ ओरडत होती, याचा हिशेब कुणालाच देता येत नव्हता. आणि आवाज ऐकू आल्यावरही पहिला दगड उचलला तो एका भाजीवालीने. बाकीचे मोबाइल वर धरून उभे होते. तो व्हिडिओ नंतर मलाच कुणीतरी पाठवला. तो काढणाऱ्याच्या घरी शिपाई पाठवून मी त्याला ठाण्यात बसवला आणि साक्षीदार केला.

अकस्मात मृत्यूची नोंद झाली, गाडी ठाण्याच्या आवारात आणून ठेवली. त्याच रात्री जावयाने फिर्याद दिली. ज्या दुकानातून त्याने गाडीत म्युझिक सिस्टिम बसवून घेतली होती, त्या दुकानदाराने निकृष्ट काम केले आणि त्यामुळे सासू गेली, असा आरोप. लिहून देताना तो रडत होता. ते रडणे खोटे नव्हते, हेही मी नमूद करतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी जमाव त्या दुकानावर गेला. काचा फोडल्या, स्पीकर रस्त्यावर आपटले आणि दुकानदाराला लोखंडी सळीने मारले. त्याचा उजवा हात मोडला. जमावात सगळ्यात पुढे जावई होता. मी दंगलीचा वेगळा गुन्हा दाखल केला, तर गावच्या एका पुढाऱ्याचा फोन आला.

"साहेब, समजून घ्या. लोकांच्या भावना आहेत."

मी म्हणालो, "भावना सळी घेऊन येत नाहीत."

प्लास्टरमधला हात गळ्यात अडकवून दुकानदार माझ्यासमोर बसला. घाबरलेला होता आणि चिडलेलाही. "मी एकच ॲम्प्लिफायर लावला साहेब. बॅटरीजवळ फ्यूज देला. पुढं तो दुसरा ॲम्प्लिफायर घेऊन आला, ऑनलाइन मागवलेला. मी म्हटलं, ही तार तेवढा लोड घेणार नाई, सारी तार बदलवा लागते. तं म्हणे, तुले धंदा करायचा हाय फक्त. गेला निघून."

"याला पुरावा?"

"मी सांगून राहिलो हाच पुरावा."

आरोपीच्या खुर्चीत बसलेला प्रत्येक जण असेच म्हणतो. मी त्याला अटक केली नाही, पण सोडूनही दिले नाही. रोज हजेरी लावायला सांगितले. बाहेर मोर्चा येऊन 'अटक करा' म्हणून ओरडून गेला.

मोटार वाहन निरीक्षकांना बोलावून पंचांसमक्ष गाडी तपासली. आग मागच्या भागात लागली होती; बॉनेटखालचा भाग बराच शाबूत होता. डिक्कीत जळालेले दोन ॲम्प्लिफायर सापडले. बॅटरीजवळ फ्यूजची डबी होती. ती उघडली तर आत फ्यूज नव्हता. त्याच्या जागी तांब्याची तार पिळून घातलेली होती.

निरीक्षकांनी मला सोप्या शब्दांत सांगितले. तारेला झेपेल त्याहून जास्त वीज ओढली गेली की फ्यूज स्वतः जळतो आणि वीज तोडतो. त्याचे कामच ते. इथे तो तोडणाराच काढून टाकला होता. मग मागच्या सीटखालून गेलेली तार तापत राहिली, तिचे आवरण वितळले, सतरंजी आणि सीटचा फोम पेटला.

पण तार घातली कोणी? जावई म्हणे, दुकानदाराने. दुकानदार म्हणे, मी नाही. डबीवर ठशांसारखे काही उरले नव्हते.

त्यानंतर एका सकाळी, हजेरी आटोपून शिपाई आपापल्या बीटवर निघाले होते, तेव्हा एक बाई एकटीच एसटीने आली. ठाणे अंमलदाराला नाव सांगेना, मोठ्या साहेबांनाच भेटायचे म्हणे. मी महिला कॉन्स्टेबलला जवळ बसवून तिला आत घेतले. ती मयत बाईची मुलगी होती, म्हणजे फिर्यादीची बायको. खुर्चीवर बसलीसुद्धा नाही.

"त्या दुकानवाल्याले सोडा साहेब. त्यानं काई नाई केलं."

"तुम्हाला कसं माहीत?"

"फ्यूज सारखा उडून राहिला होता. आमचे हे मोबाइलवर पाहून पाहून करत. आंगणात गाडी उभी होती, बोरिंगच्या मोटरीची जुनी तार तोडली न् तिथं घातली. मी उभीच होतो बाजूले. मी म्हटलं बी, काहून असं करता? तं म्हणे, तुले काय समजते."

"हे घरी कुणाला बोललात?"

"सासऱ्याले सांगतलं. ते म्हणे, गेलेलं मानूस वापस येते का? आता पोराले बी घालवतं का?" तिने पदर तोंडाला लावला, मग काढला. "माय माही होती साहेब. माह्या घरी येऊन राहिली होती."

मी तिला विचारले, जबाब द्याल? ती म्हणाली, "देतो. लिवा."

नवरा-बायकोत झालेले बोलणे साक्षीत टिकत नाही. तिने डोळ्यांनी पाहिलेले टिकते. तेवढेच काटेकोर लिहून घेतले. पण एकटीच्या साक्षीवर मला थांबायचे नव्हते. घरातून तिच्यावर काय दडपण येईल, हे मला दिसत होते.

जावयाला चौकशीसाठी बोलावले. बायको येऊन गेल्याचे त्याला कळू दिले नाही. इतक्या वर्षांत मी एक पाहिले आहे. माणूस गुन्हा लपवतो, पण स्वतःची हुशारी त्याला लपवता येत नाही. मी आवाज चढवला नाही. चहा मागवला आणि दुकानदाराच्या कामाची तारीफ सुरू केली.

"माणूस कारागीर आहे हो. दुसरा ॲम्प्लिफायर असा जोडला की पाहत राहावं. साध्या माणसाचं काम नाही ते."

तो म्हणाला, "त्यात काय कठीण हाय साहेब?"

"कठीण नाही कसं? दोन्हीच्या अर्थिंगच्या तारा त्याने दोन वेगळ्या ठिकाणी आवळल्या..."

"नाई, नाई. एकाच नटाले. येगयेगळ्या घेतल्या तं गाण्यात घरघर येते. मी पहिले पेंट घासला, मंग..."

तो थांबला. कप हातातच राहिला.

"मी म्हणजे कोण?" मी विचारले.

त्याने कप टेबलावर ठेवला. मग सगळे बाहेर आले. फ्यूज उडायचा, आवाज मोठा केला की हमखास उडायचा. व्हिडिओत एकाने तार घालून दाखवली होती. "आग लागन असं थोडीच वाटलं होतं साहेब?"

"ते मला मान्य आहे," मी म्हणालो. "पण त्या माणसाचं दुकान फोडायला गेलात, तेव्हा तुम्हाला माहीत होतं की नाही, तार कोणी घातली ते?"

"लोकं विचारून राहिले होते. कोनाचं तरी नाव सांगाच लागत होतं."

मी उठून बाहेर आलो. व्हरांड्यातल्या माठातले पाणी प्यालो. आयुष्यात फार थोड्या वेळा मला माझ्याच हातांची भीती वाटली, त्यातली ही एक.

पोलिसांपुढचा कबुलीजबाब न्यायालयात चालत नाही. म्हणून पंच सोबत घेतले आणि त्याने स्वतः दाखवलेल्या जनावरांच्या कोठ्यातून मोटरीची तोडलेली तार आणि जळके फ्यूज जप्त केले. नागपूरच्या प्रयोगशाळेने डबीतली तार त्याच तारेची असल्याचा अभिप्राय दिला. दुकानदाराचे नाव गुन्ह्यातून निघाले. हयगयीने मृत्यू घडवल्याच्या गुन्ह्यात जावयाला लगेच जामीन मिळाला. कायदाच तसा आहे. खोट्या फिर्यादीचे आणि दंगलीचे खटले पुढे चालले.

दुकानदाराचा हात वाकडाच जुळला. त्याने दुकान विकले आणि तालुका सोडला. सळी मारणाऱ्यांपैकी एकही जण त्याच्या दारी गेला नाही. मी एकाला बाजारात अडवून विचारले, तर म्हणाला, "आमाले काय मालूम साहेब? आमाले सांगतलं तसं केलं." मुलगी सासर सोडून करडीला आईच्या घरी गेली, आईची धानाची शेती करू लागली. साक्षीच्या दिवशी ती आली, आणि उलटतपासणीत एक अक्षरही मागे घेतले नाही.

माझी बदली व्हायच्या आधी जावई ठाण्यात आला होता. मला वाटले, काही बोलायचे असेल. त्याच्या हातात मुद्देमाल परत मिळण्याचा अर्ज होता.

"गाडी कधी सुटन साहेब? मागचं तं सारं गेलं. पन पुढचे स्पीकर चांगले असतीन."

मी अर्ज लेखनिकाकडे दिला आणि त्याला माझ्या खोलीतून बाहेर जायला सांगितले.

त्या प्रकरणानंतर माझी तपासाची पद्धत बदलली. अपघाती मृत्यूत कसे झाले हे मी विचारायचो, आणि मग दुसरे विचारायचो: कळल्यावर तुम्ही काय केले? ट्रॅक्टर मागे घेताना स्वतःचे लेकरू चिरडलेला बाप माझ्यासमोर हात जोडून उभा राहिला आहे, 'साहेब, माहीच चूक' म्हणत. त्याच्यावर गुन्हा मी दाखल केला, पण त्याला जेवू घालून, त्याच्याशेजारी बसून. हातून चूक होते. गाडी दुरुस्त करताना होते, बंदूक साफ करताना पोलिसाच्याही होते.

त्या जावयावरचा माझा राग तार घातल्याबद्दलचा नव्हताच. सासूचे शव घरी असताना त्याला खरे ठाऊक होते आणि तरी तो सळी घेतलेल्या माणसांच्या पुढे चालत गेला. त्याला मी अजून माफ केलेले नाही. वय झाले की राग निवतो असे लोक म्हणतात. हा निवावा असे मला वाटतही नाही.